रांगेचा न्याय : एक यंत्र आणि अनेक हक्कदार

रेशनचे दुकान असो, इस्पितळ असो वा तिकिटाची खिडकी असो. जेथे देणारा एक आणि घेणारे अनेक, तेथे रांग ही आलीच. रांगेत कोणाला आधी घ्यावे, हा प्रश्न आपण रोजच्या व्यवहारात कसाबसा सोडवतो. विसाव्या शतकात मात्र काही गणितज्ञांनी हाच प्रश्न कागदावर मांडला. त्यातून एक शास्त्र उभे राहिले आणि त्याची खरी कसोटी संगणकाच्या दारात लागली. त्या शास्त्राचा हा संक्षिप्त इतिहास.

या शास्त्राचा उगम डेन्मार्कमध्ये झाला. आग्नेर क्रारुप एरलांग हे गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस लागले. लोक फोन केव्हा करतील हे कोणी सांगू शकत नाही. तरीही या यदृच्छेला एक नियम असतो, हे त्यांनी १९०९ च्या लेखात दाखविले. किती तारा ठेवल्या म्हणजे किती लोक निराश होऊन परततील, याची सूत्रे त्यांनी १९१७ साली दिली. एरलांग यांच्या रांगेत सारे ग्राहक सारखेच होते. परंतु जगात सगळ्यांची निकड सारखी नसते. १९५४ साली अ‍ॅलन कोबहॅम यांनी वेगवेगळ्या अग्रक्रमाच्या गटांना सरासरी किती थांबावे लागेल, याचे गणित मांडले.

त्याच काळात संगणक विद्यापीठांत येऊ लागले होते. यंत्र फार महाग, म्हणून ते क्षणभरही रिकामे राहू नये अशी व्यवस्था असे. विद्यार्थ्याने पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावा आणि उत्तरासाठी तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा तोच फेरा! यंत्राच्या वेळेचा हिशेब चोख होता. माणसाच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते.

१९५९ च्या प्रारंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी एक टिपण लिहून सुचविले की, यंत्राने प्रत्येकाला आळीपाळीने थोडा थोडा वेळ द्यावा. फर्नांडो कोर्बातो यांनी अशी व्यवस्था नोव्हेंबर १९६१ मध्ये चालवून दाखविली. त्यांनी कामांच्या पायऱ्या पाडल्या. नेमून दिलेल्या वेळेत जे काम संपणार नाही, ते एक पायरी खाली जाई. तेथे त्याची पाळी उशिरा येई, पण आली की अधिक वेळ मिळे. अशा रीतीने लहान काम लवकर सुटे आणि मोठे कामही अखेर पुरे होई.

हे न्याय्य आहे काय, याचे गणिती उत्तर लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी शोधले. १९६४ च्या लेखात त्यांनी आळीपाळीच्या वाटपाचे विश्लेषण केले. १९६७ साली त्यांनी वेळेचा तुकडा अतिशय सूक्ष्म झाल्याची कल्पना केली. म्हणजे हजर असलेल्या सर्व कामांना यंत्र एकाच वेळी समान वाटले गेले. एक उदाहरण घेऊ. यंत्र सरासरी ७५ टक्के वेळ गुंतलेले आहे, कामे यदृच्छ येतात, त्यांची सरासरी लांबी १० सेकंद आहे आणि ती घातांकी नियमाने कमीजास्त होते. 'आधी येईल त्याला आधी' या पद्धतीत प्रत्येकाला सरासरी ३० सेकंद थांबावे लागते. म्हणून १ सेकंदाच्या कामाला ३१ सेकंद आणि ६० सेकंदांच्या कामाला ९० सेकंद लागतात. समान वाटपात प्रत्येक काम आपल्या लांबीच्या चौपट वेळ घेते : पहिल्याला ४ सेकंद, दुसऱ्याला २४०. १० सेकंदांच्या कामाला दोन्हीकडे ४० सेकंदच. म्हणजे ज्याची गरज थोडी, त्याची प्रतीक्षाही थोडी.

मग सर्वांचीच प्रतीक्षा कमी का करू नये? १९६५ साली क्लाइनरॉक यांनीच याला मर्यादा दाखविली. यंत्र विनाकारण रिकामे ठेवले नाही आणि हाती घेतलेले काम मध्येच सोडले नाही, तर प्रत्येक गटाच्या प्रतीक्षेला त्याच्या कामाच्या भाराने गुणून केलेली बेरीज कायम राहते. क्रम कसाही लावा. एकाला पुढे काढले की दुसरा मागे पडलाच. अग्रक्रम वेळ निर्माण करीत नाही, तो फक्त वेळेचे वाटप बदलतो. मात्र ही बेरीज कामाच्या भाराने होते, डोक्यांच्या संख्येने नव्हे. म्हणून एक मोठे काम थोडे थांबले तर अनेक लहानांची सुटका होते.

अग्रक्रम आणि वाटप यांची सांगडही १९६७ च्या लेखात आहे. प्रत्येक गटाला एक वजन द्यावयाचे. दुप्पट वजनाचे एक काम आणि साध्या वजनाची दोन कामे हजर असतील, तर पहिल्याला अर्धे यंत्र व इतरांना पाव-पाव. १९८० साली फायोल, मित्रानी आणि यास्नोगोरोद्स्की यांनी या पद्धतीचे सखोल विश्लेषण केले. त्यातील एक निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे : काम अतिशय लांब असेल तर वजन कितीही असो, विलंबाचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. कारण उघड आहे. तेवढ्या अवधीत इतरांची कामे येऊन पुरी होऊन जातात, आणि उरलेला वेळच त्याच्या वाट्याला येतो. २००७ साली लिनक्स या संगणकप्रणालीत आलेली वाटपपद्धतीही वजनांच्या प्रमाणात वाटा देण्याच्या तत्त्वावरच उभी होती.

या साऱ्या इतिहासाचे सार काय? वशिल्याने पुढे गेलेल्या प्रत्येक माणसाची किंमत मागे उभा असलेला कोणीतरी मोजत असतो, हे आता केवळ नीतीचे वचन राहिलेले नाही. ते सिद्ध झालेले गणित आहे. अग्रक्रम देऊच नये, असे हे गणित म्हणत नाही. ते एवढेच विचारते की, कोणाला पुढे घेतले, कशासाठी, आणि त्यापायी कोण थांबले? प्रयोगशाळा, ग्रंथालय वा शिष्यवृत्ती, जेथे साधन थोडे आणि गरजू अनेक, तेथे वाटप करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.