झरा, जलाशय आणि सुसर



२००७ च्या डिसेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत चंबळेच्या खालच्या पट्ट्यात, भिंड-इटाव्याच्या परिसरात, शंभराहून अधिक घडियाल मृत्युमुखी पडले. घडियाल म्हणजे आपली सुसर. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ या म्हणीने तिच्याविषयी आपल्या मनात भलतेच भय घालून ठेवले आहे. वास्तविक तिचा लांब, निमुळता जबडा मासे धरण्यापुरताच. शवविच्छेदनात मूत्रपिंडे बिघडलेली आणि अवयवांवर युरिक आम्लाचे थर साचलेले आढळले. यमुनेतून चंबळेत येणाऱ्या माशांवाटे एखादे विष त्यांच्या पोटात गेले असावे, हा अभ्यासकांचा प्रबळ संशय; त्या विषाचे नाव मात्र निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

भिंड आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारचाच जिल्हा. आपल्या गावचे सांडपाणीही अखेर यमुनेच्याच खोऱ्यात उतरते. राणी लक्ष्मीबाईंच्या अंतकाळाशी जिचे नाव जोडले गेले, त्या स्वर्णरेखेला आज लोक नाला म्हणतात.

मी शास्त्रज्ञ नव्हे, विधिज्ञही नव्हे. हयात मराठीच्या अध्यापनात गेल्यामुळे शब्दांची कुळे शोधण्याची खोड तेवढी आहे. तेव्हा कायद्याच्या भाषेत पाण्यातला जीव केव्हा शिरला, एवढेच पाहण्याचे मी ठरविले.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या २७७ व्या कलमाने ‘सार्वजनिक झरा किंवा जलाशय’ दूषित करणे हा गुन्हा ठरविला. पण पाणी नेहमीच्या वापराला कमी योग्य झाले तरच, म्हणजे फिर्याद माणसाची. वाहती नदी या शब्दांत बसत नाही, असा अर्थ पुढे न्यायालयांनी लावला. १८९७ च्या मत्स्य कायद्यात मासा आला. पाण्यात विष कालवणे त्याने दंडनीय केले, परंतु मासे धरण्याच्या वा मारण्याच्या हेतूने कालवले तर! कारखान्याला माशांशी वैर कुठले? त्याला फक्त पाणी सोडून द्यायचे असते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने सुसरीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. १९७८-७९ मध्ये चंबळेवर तीन राज्यांचे अभयारण्य झाले, आणि मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात अंडी उबवून पिले वाढवून नदीत सोडली जाऊ लागली. शरीराचे रक्षण झाले. पाण्याचे रक्षण १९७४ च्या जल कायद्याकडे होते. या कायद्याची मला थोरवी वाटते ती एका व्याख्येसाठी: प्रदूषणाच्या अर्थात त्याने जलचरांच्या जीविताला व आरोग्याला होणारा अपायही धरला. सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती आवश्यक झाली.

व्याख्या उदार होती. मोजमाप मात्र तोकडे निघाले. केंद्रीय मंडळाने नद्यांच्या पाण्याचे अ ते इ असे वर्ग केले, त्यांत वन्यजीव व मत्स्यपालनाचा वर्ग चौथा, पिण्याच्या आणि स्नानाच्या पाण्यानंतरचा. त्याच्या कसोट्या तीन: लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत आणि सामू ६.५ ते ८.५. जड धातू किंवा कीटकनाशके यांचा त्यात उल्लेखच नाही. १९९३ साली सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक कसोटी आली: निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत असले की ते उत्तीर्ण.

चार दिवस! मासा तगला, परीक्षा संपली. पण तो तगलेला मासा विष अंगात घेऊन पुढे पोहत जातो, आणि सुसर असे मासे वर्षानुवर्षे खाते. तिच्या आयुष्याचा हिशेब मांडणारी कसोटी कोणत्याच रकान्यात नव्हती. शिवाय ज्या यमुनेवर संशय होता, ती अभयारण्याच्या सीमेपलीकडची. सुसरीचे आश्रयस्थान एका नदीत आणि तिच्या अन्नाची वाट दुसऱ्या नदीतून, ही अडचण नकाशा आखणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी.

१ जुलै २०२४ रोजी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. २७७ व्या कलमाचे २७९ वे झाले, दंड पाच हजारांपर्यंत वाढला. शब्द तेच राहिले: सार्वजनिक झरा किंवा जलाशय.