पणजीतील निळी भिंत आणि एक फसवी व्युत्पत्ती

पणजी येथील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात शिरताच भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या चित्रफरश्या दृष्टीस पडतात. कामोइश याच्या 'लुसियादस' (१५७२) या महाकाव्यातील प्रसंग दर्शविणाऱ्या या फरश्या जोर्जे कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या असून त्या १९३५ च्या आहेत. वास्को द गामाची सागरयात्रा हा त्या काव्याचा विषय होय.

पोर्तुगीज भाषेत अशा फरशीस 'अझुलेजु' म्हणतात व निळ्या रंगास 'अझुल'. यावरून पहिला शब्द दुसऱ्यापासून निघाला असावा, असा समज सहज होतो. परंतु तो यथार्थ नव्हे. 'अझुलेजु'चे मूळ अरबी 'अल्-झुलैज' हे असून घोटीव लहान दगड असा त्याचा अर्थ सांगितला जातो. वस्तूचा इतिहासही यास पुष्टी देतो. सोळाव्या शतकारंभी सेव्हिलहून पोर्तुगालमध्ये गेलेल्या फरश्या बहुरंगी होत्या. निळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचे प्राबल्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. उलट 'अझुल' हा फारसी 'लाजवर्द'चा वंशज. जालना जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता, आणि तेथे फारसी दीर्घकाळ दरबारी भाषा होती. तेव्हा 'लाजवर्दी' हा शब्द येथील अभ्यासकास परका वाटू नये.

मराठीने पोर्तुगीजांकडून पाव, चावी, घमेले, पगार, लिलाव हे शब्द घेतले. 'अझुलेजु' मात्र घेतला नाही. माझ्या मते याचे कारण व्यवहारात आहे. ते शब्द बाजार, स्वयंपाकघर व मजुरी यांच्या वाटेने आले. चित्रफरशी मुख्यतः चर्च व प्रासाद यांपुरतीच राहिली. आपण तीस अरबी मुळाच्या 'फरशी' या शब्दानेच ओळखतो.

ज्याप्रमाणे शब्दाचे, त्याचप्रमाणे भिंतीचेही. १८७१ साली स्थापन झालेल्या या संस्थेस वास्को द गामाचे नाव होते. १९३० साली पोर्तुगालने वसाहत कायदा केला, तेव्हा लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. त्यानंतर पाचच वर्षांनी या फरश्या आल्या, हे ध्यानी घेतल्यास त्यांतील गौरवगान केवळ साहित्यप्रेमाचे उरत नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ साली संस्थेस मिनेझिस ब्रागांझा यांचे नाव मिळाले. फरश्या मात्र काढल्या गेल्या नाहीत. हे योग्यच झाले. त्या उखडल्या असत्या, तर सत्तेने स्वतःचे चित्र कसे रेखाटले याचा पुरावा नष्ट झाला असता. आणि दारावरील नव्या नावाचा अर्थही निम्मा हरवला असता.