दुष्काळ आणि दयाघन

आयरिश भाषेत दोन माणसे भेटली म्हणजे देवाचे नाव घेऊनच एकमेकांस अभिवादन करतात. अशा श्रद्धाळू देशावर १८४५ साली घोर आपत्ती कोसळली. बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढील वर्षांत तो पुनःपुन्हा उद्भवला. धान्य व गुरे परदेशी जातच होती; परंतु गरीब कुळांचे अन्न म्हणजे बटाटा, आणि तोच शेतात कुजून गेला. सुमारे दहा लाख माणसे भूक व साथीचे रोग यांस बळी पडली. १८४१ च्या शिरगणतीतील सुमारे ८२ लाख लोकसंख्या १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली.

ईश्वर दयाळू, तर हे का घडावे? ब्रिटिश कोषागाराचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन, जे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले, यांनी १८४८ च्या आपल्या ग्रंथात या अरिष्टामागे ईश्वरी योजना पाहिली. परंतु मदतीची सूत्रे ज्याच्या हाती, त्याने दैवाचा हवाला द्यावा, ही श्रद्धा नव्हे.

दुसरे उत्तर कृतीने दिले गेले. क्वेकर पंथीयांनी गावोगाव सूपाच्या कढया चढविल्या. कलकत्त्याहून वर्गणी गेली. स्वतः मायभूमीतून हुसकावले गेलेल्या अमेरिकेतील चोक्टॉ लोकांनी १८४७ साली १७० डॉलर धाडले. कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे २०१७ साली लोकार्पण झालेले स्मारक त्या दानाची साक्ष देते.

महाराष्ट्रास हे उत्तर अपरिचित नाही. १६३०-३२ च्या दुष्काळात तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. विठ्ठलाच्या करुणेवर भार टाकणाऱ्याने प्रथम ऋणकोंस मुक्त केले!

स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी येथे दुष्काळात मेलेली हजारो निनावी माणसे सामुदायिक खड्ड्यांत पुरलेली आहेत. प्रार्थनेने त्यांचे प्राण वाचले नाहीत, हे सत्य कोणत्याही भाविकाने झाकू नये. मात्र दुःखिताकडे देवाचे लक्ष आहे असे जो मानतो, त्याला स्वतःची दृष्टी त्या दुःखितावरून काढून घेता येत नाही. त्या श्रद्धेची कसोटी हीच होय.