डाय, आयोडीन आणि गलगंड

जालना जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही आता ‘डाय सोडून सीटी’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. भाषेच्या अंगाने तो फसवा आहे. शिरेत सोडलेले हे द्रव्य काही रंगवीत नाही. ते जवळजवळ रंगहीनच असते. त्यातील आयोडीनचे जड अणू क्ष-किरण अडवतात, म्हणून रक्तवाहिन्या उजळ दिसतात. गंमत अशी की, आयोडीनचे नाव मात्र रंगावरूनच पडले आहे. त्याच्या वाफेचा जांभळा रंग ग्रीक शब्दातून त्या नावात आला.

१८११ मध्ये बर्नार कूर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेत हे मूलद्रव्य गवसले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर दिले. गाठी ओसरल्या, पण काही रुग्णांची छाती धडधडू लागली, अंग झडू लागले. उपचार आणि अपाय असे एकाच वेळी समोर आले होते, आणि पुढची दोनशे वर्षे ही जोडी सुटलेली नाही.

आपल्याकडे ‘गलगंड’ हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना. मीठ समुद्राचे म्हणून त्यात आयोडीन भरपूर, हा समज चुकीचा. ते मिठात मुद्दाम मिसळावे लागते. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी १९९७ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मिठाच्या सत्याग्रहाच्या देशात या बंदीवर वाद झाला नसता तरच नवल. असो.

क्ष-किरणांची कथा निराळ्या वाटेने आली. १९२३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये उपदंशावर सोडियम आयोडाइड घेणाऱ्या रुग्णांचे मूत्राशय चित्रात उमटलेले दिसले. १९२९ मध्ये मोझेस स्विक यांच्या संशोधनातून बर्लिनमध्ये ‘युरोसिलेक्टान’ वापरात आले. आज एका सीटीत सुमारे ३० ग्रॅम आयोडीन शरीरात जाऊ शकते. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. बहुतेक आयोडीन रेणूत बांधलेले असते व लघवीवाटे निघून जाते. पण सुटा राहणारा अंशही गरजेच्या कैक पट असतो. निरोगी थायरॉइड ग्रंथी तात्पुरती काम थांबवून सावरते (वुल्फ आणि चायकॉफ, १९४८). काहींची सावरत नाही, ती मंदावते. जुन्या गाठीची ग्रंथी उलट बेफाम होऊ शकते.

हे घडते काही आठवड्यांनी. तोवर भोकरदन-अंबडकडचा रुग्ण घरी परतलेला असतो, आणि धडधडीचा संबंध त्या तपासणीशी कोणी जोडत नाही. आयोडीनयुक्त मीठ येण्यापूर्वी वाढलेली पिढीच आज अँजिओग्राफीच्या वयात आहे. तिच्यापैकी काहींच्या गळ्यात जुनी गाठ असणारच. मी वाचलेल्या संमतिपत्रांत मूत्रपिंडाची आणि ॲलर्जीची चौकशी होती, गळ्याची नव्हती. गाठ आहे म्हणून आवश्यक सीटी टाळण्याचे कारण सहसा नसते. डॉक्टरांना आधी सांगावे आणि काही आठवड्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करावी का, हे त्यांनाच विचारावे.