तळटीप १४ : पायथनमधील याद्यांची जोडणी

१४. याद्यांची जोडणी : गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन या संगणकभाषेत यादी, म्हणजे ‘लिस्ट’, ही चौकटी कंसात क्रमाने मांडलेल्या घटकांची मालिका असते. दोन याद्यांमध्ये + हे चिन्ह घातले की आकड्यांची बेरीज होत नाही. पहिलीच्या शेपटाला दुसरी लागते. [१, २] आणि [३, ४] यांतून [१, २, ३, ४] ही नवी यादी तयार होते, [४, ६] नव्हे. मूळ याद्या होत्या तशाच राहतात. ‘एक्स्टेंड’ ही यादीची क्रिया मात्र पहिल्या यादीतच भर घालते आणि परत काही देत नाही. तिचे उत्तर साठवू पाहणाऱ्याच्या हाती ‘नन’ हे रिकामे मूल्य येते. तिची ‘अपेंड’शी होणारी गल्लत नेहमीची. अपेंड दुसरी यादी आख्खी उचलून एकच घटक म्हणून आत ठेवते, डब्यात डबा ठेवावा तशी : [१, २, [३, ४]]. अशा यादीची लांबी चारऐवजी तीन भरते ती यामुळेच. += हे चिन्ह दिसायला बेरजेचे, पण वागायला एक्स्टेंडसारखे; तीच यादी दुसऱ्या नावानेही वापरात असेल, तर तिथेही ती बदललेली दिसते. क आणि ख या याद्यांची [*क, *ख] ही तारांकित जोडणी २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून चालते. ‘झिप’ ही क्रिया मात्र शेपूट जोडत नाही, जोड्या लावते : पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. याद्या लहानमोठ्या असल्या तर लहान यादी संपताच ती थांबते आणि मोठीतले उरलेले घटक मुकाट गळतात.