नोंदवहीतला ख्रिस्ती आणि मनातला ख्रिस्ती : डेन्मार्कचा वाद

आजचा प्रश्न साधा आहे. माणूस ख्रिस्ती कशामुळे होतो? जन्मामुळे, चर्चच्या नोंदवहीमुळे, की स्वतःच्या विश्वासामुळे? आपण तो डेन्मार्कच्या इतिहासात पाहू, कारण तिथे तो थेट कायद्यात अडकला होता.

1536 पासून डेन्मार्कचं चर्च लुथरन आणि राजाच्या अधीन. मूल जन्मलं की बाप्तिस्मा ठरलेला. 1736 मध्ये दृढीकरणाचा विधी, म्हणजे कन्फर्मेशन, सक्तीचा झाला. त्याशिवाय लग्नही लागत नसे. आता गंमत बघा. लहानपणी इतरांनी दिलेली कबुली मुलाने स्वतःच्या तोंडाने द्यावी, हा या विधीचा अर्थ. म्हणजे वैयक्तिक कबुलीचीच सक्ती झाली! अर्थात याची दुसरी बाजूही आहे: या तयारीसाठी मुलांना वाचायला शिकवावं लागलं आणि खेडोपाडी शाळांना चालना मिळाली.

1839 मध्ये कोपनहेगनात बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. त्यांचं म्हणणं, तान्हं मूल विश्वास ठेवू शकत नाही, मग त्याला बाप्तिस्मा कसा द्यायचा? सरकारने त्यांच्या मुलांना सक्तीने बाप्तिस्मा देण्याचे आदेश काढले. पेटर किर्केगॉर या पाळकाने मात्र तसं करायला नकार दिला. नोकरीवर गदा येण्याची वेळ आली, तरी ते हटले नाहीत. शेवटी 1849 च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं.

कायदा बदलला, पण सवय? इथे पेटर यांचा धाकटा भाऊ येतो, तत्त्वज्ञ सोरेन किर्केगॉर. 1854 मध्ये बिशप मिन्स्टर वारले आणि मार्टेन्सेन यांनी त्यांना सत्याचा साक्षीदार म्हटलं. सोरेन यांना हे पटलं नाही. साक्षीदार म्हणजे सत्यासाठी सोसणारा. पगार आणि मानमरातब घेणारा नव्हे. 1855 मध्ये त्यांनी 'क्षण' या अर्थाच्या नावाची पत्रकं काढली. त्यांचा मुद्दा असा, की सगळेच आपोआप ख्रिस्ती असतील, तर ख्रिस्ती होण्याला काही अर्थच उरत नाही.

त्याच वर्षी ते इस्पितळात अंथरुणाला खिळले. पाळकांच्या हातून प्रभुभोजन नको, कारण ते राजाचे नोकर. सामान्य माणसाच्या हातून चालेल, असं त्यांनी सांगितलं. ते न घेताच 11 नोव्हेंबरला ते गेले. तरीही अंत्यविधी चर्चनेच केला. कबरीपाशी त्यांचा भाचा हेन्रिक लुंड याने जाहीर निषेध केला, त्याबद्दल त्याला दंडही झाला.

यावरून घरातून आलेला विश्वास खोटा, असं आपण म्हणायचं का? नाही. सोरेन यांचा विश्वासही वडिलांच्या शिकवणीतूनच आला होता. वारशाने मिळालेलं स्वतः पारखून स्वीकारता येतं, किंवा नाकारताही येतं. पण नाकारण्याची मोकळीक नसेल, तर स्वीकारलं होतं की नाही, हे कळणार तरी कसं?