टाकी, जाते आणि हजेरीपट

जठारपेठेतील जुन्या घरांतून जाती गेली. (दळणाची, दुसऱ्या जाती जागच्या जागी आहेत.) गिरण्या आल्या, आणि जात्याला टाकी लावणारा टाकणकारही दारातून दिसेनासा झाला. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खरखरीत करणे हा त्याचा धंदा. वऱ्हाडचे पीठ त्याच्या हातावर अवलंबून होते. तो पारधी समाजातला, हे मात्र आमच्यापैकी बहुतेकांना ग्रंथांतूनच कळले, आणि ते ग्रंथ पोलिसी नजरेने लिहिलेले.

मेजर गुन्थॉर्प यांचे मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांतातील 'गुन्हेगार जमातीं'वरील टिपण 1882 चे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा जाती-जमातींचा कोश 1916 चा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा पुरावा ठरवले होते. 1911 च्या सुधारणेने त्याची व्याप्ती आणखी वाढवली. नोंद, हजेरी, गाव सोडायला परवानगी. टाकी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्याच्या बाबतीत हा कायदा म्हणजे व्यवसायावरच बंदी. एकदा नोंद झाली की त्याची फिरस्ती संशयास्पद, आणि फिरस्तीशिवाय पोट भरत नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा गेला. पण सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबई राज्यात 1959 मध्ये आला, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने फासे लावून पोट भरणाऱ्या फासेपारध्याचे उरलेसुरले कौशल्यही गुन्हा ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा असे भारताला सांगितले. वंशभेद म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका येते. नांदगाव खंडेश्वर येत नाही.

तेथे, मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून 2012 मध्ये भीक मागणाऱ्या, भटकणाऱ्या मुलांसाठी आश्रमशाळा उभारली. नाव 'प्रश्नचिन्ह'. सरकारच्या आधी लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि पैशांवर ती तगली. समेट हा शब्द आम्ही सभांतून वापरतो. येथे मात्र पहिले पाऊल ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच टाकले, आणि आपण फार तर पोतेभर ज्वारी पाठवली, ही नोंद इतिहासात राहायला हवी. पुढे समृद्धी महामार्ग आखला गेला आणि 2019 मध्ये शाळेची काही बांधकामे पाडली गेली. त्यांत ग्रंथालय होते.

आमच्या वर्गांत 'उचल्या' शिकवले जाते. लक्ष्मण गायकवाडांच्या त्या आत्मकथनाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येतो. मात्र ज्या भाषेत आम्ही तो प्रश्न काढतो, तिच्यात 'पारधी' हा शब्द अजूनही पोलीस-वार्तांमध्ये आडनावासारखा लावला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेद करणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आमच्या वर्तमानपत्री मराठीची नियमपुस्तिका कोणी छापलेली नाही. ती तोंडपाठ आहे.